चोरबाजारातील अतिशयोक्ती अलंकार

बाजारातून न फसता परत येणे माझ्या पत्रिकेत लिहिलेले नाही, असे आमच्या घरचे एकमुखी मत आहे. कॉलेजात मी मुलांना काव्यशास्त्र शिकवतो. शब्दाची अभिधा कुठे संपते आणि व्यंजना कुठे सुरू होते, हे फळ्यावर आकृती काढून दाखवतो. पण भाजीवाल्याने "साहेब, सकाळीच खुडलीय" म्हटले की ती अभिधाच आहे असे धरून मी कालची मेथी पिशवीत घेऊन येतो. त्यामुळे २०१९ सालच्या डिसेंबरात गिरगावच्या मामींनी एक वस्तू विकून आणण्याचे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "विकून? तुम्ही? बघा हं, येताना तसलीच आणखी एक घेऊन याल."

वस्तूही मोठी चमत्कारिक होती. पाच फुटांना दोन-तीन बोटे कमी, एका टोकाला करंगळीएवढी बारीक आणि दुसऱ्या टोकाला मनगटी जाड, अशी एक काठी. वरचा भाग फिकट पिवळसर लाकडाचा, खालचा काळाभोर; आणि जिथे दोन्ही लाकडे भेटतात तिथे काळ्याच्या चार जिभा पिवळ्यात वर गेलेल्या. आम्ही सगळे तिला काठीच म्हणत असू. मामा मात्र दर वेळी शांतपणे सांगत, "काठी नव्हे रे, क्यू."

मामा मुंबईतल्या एका जिमखान्यात बिलियर्ड्‌सच्या खोलीत मार्कर होते. मार्कर म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. खेळणारे खेळतात, मार्कर त्यांचे गुण मोठ्याने सांगतो, भिंतीवरच्या फळीवरचा काटा सरकवतो, जाळीत पडलेले चेंडू काढून जागेवर ठेवतो, लांबच्या फटक्याला टेकणदांडी आणून देतो आणि सभासद चुकला तर छताकडे पाहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी गिरगावला राहायला जात असे, तेव्हा मामा जेवताना पोळ्यासुद्धा मार्करच्या सुरात मोजत: "दो…न, आणि ती…न." मामी चिडून म्हणायच्या, "तिकडे साहेबांपुढे आकडे ओरडता तेवढं पुरे. इथे गप जेवा." एकदा मी विचारले होते, "मामा, तुम्ही पण खेळता का हो?" त्यावर ते हसून म्हणाले, "आपण मोजायचं, बाळ. खेळणारे वेगळे." ते वाक्य माझ्या मनात तसेच राहिले. मोठेपणी कुणी विचारले तर मीही सांगत असे: मामा क्लबात गुण लिहीत.

मामा २०१७ साली गेले. दोन वर्षांनी चाळीच्या पुनर्बांधणीचे ठरले, मामी मुलीकडे डोंबिवलीला निघाल्या आणि खोली रिकामी करताना माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेली ही क्यू निघाली. "क्लबातनं निघालेली भंगार काठी," मामी म्हणाल्या. "पण त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. डोंबिवलीच्या त्या खुराड्यात ती कुठे उभी करू? चांगल्या घरी जाईल असं बघ. आणि चार पैसे आले तर आण." एवढे बोलून त्या भांड्यांच्या गाठोड्याकडे वळल्या. पुन्हा काठीकडे पाहिले नाही.

चार पैसे आणि चांगले घर या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळतील असे मुंबईत फार थोडे बाजार आहेत. मी चोरबाजाराची वाट धरली.

गिरगावातून चालत गेले तर वाटेत सी. पी. टँक लागते, मग गोल देऊळ, मग नळबाजाराची गर्दी. आणि त्या गर्दीने एकदा का माणसाला गिळले की थोड्याच वेळात ती त्याला मटण स्ट्रीटच्या तोंडाशी बाहेर काढून ठेवते. नावावर जाऊ नये. तिथे मी मटणाऐवजी झुंबरे, ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरचे पितळी कंदील, थांबलेली घड्याळे, सिनेमाची जुनी पोस्टरे आणि कुणाच्या तरी आजोबांच्या दाराच्या मुठी टांगलेल्या पाहिल्या. शुक्रवारी इथे रस्त्यावर जुम्माबाजार भरतो. उजाडायच्या आधी कंदिलाच्या, हल्ली मोबाइलच्या उजेडात माल हाताळला जातो आणि पक्की दुकाने त्या दिवशी बहुधा बंद असतात. मी गेलो तो दिवस बुधवारचा होता. पलीकडे भेंडीबाजारात जुन्या चाळी पाडून नवे मनोरे उठू लागले होते. त्यांच्या सावलीत ही गल्ली आपला पसारा मांडून निवांत बसली होती.

या बाजाराचे नाव मुळात 'शोरबाजार', म्हणजे गलबल्याचा बाजार. साहेबाच्या जिभेवर त्याचा 'चोर' झाला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. दुसरी कथा याहून नामांकित आहे. व्हिक्टोरिया राणी मुंबईला आली, बोटीवरून उतरताना तिचे व्हायोलिन हरवले आणि ते याच गल्लीत विक्रीला टांगलेले सापडले! ऐकायला छान आहे. अडचण एवढीच, की व्हिक्टोरिया राणीने आयुष्यात कधी हिंदुस्थानच्या भूमीवर पाय ठेवला नाही. १८७६ साली 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' ही पदवी तिने विलायतेत बसूनच घेतली. पण ज्या बाजाराने स्वतःच्या नावाला न आलेल्या राणीचे न हरवलेले व्हायोलिन लटकवून ठेवले आहे, तिथल्या दुकानदाराने एखाद्या काठीला काही किरकोळ विशेषणे लावली तर आपण नाक का मुरडावे?

खांद्यावर धोतरात गुंडाळलेली क्यू घेऊन मी खेळांचे जुने सामान टांगलेले एक दुकान गाठले. टेनिसच्या चौकटीत कसलेल्या रॅकेटी, पोलोचे दांडे, शिवणी उसवलेला क्रिकेटचा चेंडू आणि कोपऱ्यात छत्र्यांसारख्या उभ्या केलेल्या दहा-बारा क्यू. दुकानदार साठीचे, नाकावर चष्मा, हातात पितळ पुसायचे फडके. सारे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून मीही म्हटले. त्या वेळी ते एका कॉलेजच्या मुलाला माल दाखवत होते. मी बाजूच्या स्टुलावर बसलो आणि माझा खरा तास सुरू झाला. फक्त त्या दिवशी विद्यार्थी मी होतो.

"ये देखो," चाचा म्हणाले, "जो डेव्हिस साहब की स्टिक. नाम लिखा है." खरोखरच क्यूच्या बुंध्यावर एक छोटा बिल्ला होता आणि त्यावर ते नाव होते. जो डेव्हिस हा इंग्लंडचा थोर खेळाडू. १९५५ साली त्याने स्नूकरमध्ये एका डावात १४७ गुण केले होते. पण बिल्ल्यावर नाव असणे म्हणजे ती क्यू त्याची असणे नव्हे. विलायतेतले कारखाने नामांकित खेळाडूंच्या नावाच्या क्यू शेकड्यांनी काढीत, जशी आपल्याकडे क्रिकेटपटूच्या सहीची बॅट निघते. गल्लीत सहीची बॅट घेऊन खेळणारा प्रत्येक पोरगा काही त्या थोर फलंदाजाच्या घरून ती उचलून आणत नाही!

मुलाने क्यू डोळ्याशी धरून पाहिली आणि म्हणाला, "चाचा, टेढी है."

"टेढी नहीं, बेटा. लचक है. जिंदा लकडी है."

दुसरी क्यू आखूड होती. कुणीतरी तुटलेले टोक कापून टाकले होते. "लेडीज साइझ. अब बनती नहीं." तिसरीला तडा होता. "ये उम्र की निशानी है. नये माल में कहां से लाओगे?" चौथीच्या टोकाचे चामडे गळून पडले होते. "टिप अपनी पसंद की लगाना. दूसरे की टिप से कोई खेलता है?" पाचवी दोन तुकड्यांची, मधे पेच असलेली, म्हणजे पूल नावाच्या खेळाची होती. स्नूकरचे टोक नऊ-दहा मिलिमीटरचे असते तर पूलचे बारा-तेरा. म्हणजे ही स्नूकरच्या बारीक खेळाला कामाची नव्हती. पण चाचांपाशी तिचीही सोय होती: "दोनों खेल में चलती है. मोटी है, इसलिए चूकती नहीं."

मी थक्क झालो. वर्षानुवर्षे मी अतिशयोक्तीचे तेच ते उदाहरण देऊन मुलांना जांभया आणतो. आणि इथे एक मनुष्य क्षणोक्षणी नवे उदाहरण घडवीत होता. भामहाने अतिशयोक्तीला सर्व अलंकारांचे मूळ मानले आहे. त्याने ही गल्ली पाहिली नव्हती, तरी त्याला ते कळले होते, हे विशेष. पण थोडा विचार केल्यावर वाटले, हा काव्याचा प्रांत नव्हे. हा मीमांसेचा प्रांत. वेदात जिथे स्तुती येते तिथे मीमांसक तिला 'अर्थवाद' म्हणतात. ती अक्षरशः खरी धरायची नसते. अमुक कर्म कर, हा जो मुख्य विधी, त्याकडे माणसाला ओढून नेणे एवढेच तिचे काम. तसे चाचांचे सारे बोलणे अर्थवाद आणि विधी एकच: "घे." अर्थवादाचे मीमांसकांनी तीन प्रकार सांगितले आहेत. प्रत्यक्षाला विरुद्ध असेल तो गुणवाद. "लचक है" हा त्यातला. सर्वांना ठाऊक तेच सांगणे हा अनुवाद; "लकडी की है" हा त्यातला. आणि खरेही ठरवता येत नाही व खोटेही ठरवता येत नाही, असा जो गतकाळचा वृत्तांत, तो भूतार्थवाद. "राजघराने से आयी है" हा त्यातला. सगळ्यात जास्त पैसे या तिसऱ्या प्रकाराला मिळतात, हे मात्र मीमांसकांनी लिहून ठेवलेले नाही.

मुलगा काही न घेता गेला. चाचांनी माझ्याकडे मोहरा वळवला. मी धोतर सोडले.

आणि काय आश्चर्य! क्षणापूर्वी ज्यांच्या कोशात दोष हा शब्द नव्हता, त्यांच्या तोंडून एकही गुण निघेना. "पुरानी है." अहो, पण इथे सगळेच पुराने! "बिल्ला नहीं है." खरेच, बिल्ल्याच्या जागी नुसती लाख भरलेली एक खळगी होती. "पतली हो गयी है. आजकल कौन लेता है? लडके लोग मोबाइल पे खेलते हैं." मग चष्म्यावरून पाहत, "किसकी है?"

"माझ्या मामांची. मार्कर होते."

चाचांनी हात जोडले. "साहब, मार्कर की लकडी कौन लेगा? पांच सौ देता हूं. नहीं तो बैठो. शाम तक बिकी तो आधा तुम्हारा, आधा मेरा."

पाचशे रुपये घेऊन मोकळे होणे शहाणपणाचे होते. पण एक तर कॉलेजला नाताळची सुट्टी होती, आणि दुसरे म्हणजे मामांची क्यू भूतार्थवादात गेल्यावर कशी दिसेल, हे पाहण्याचा मोह मला आवरेना. मी बसलो. चहा आला.

"आपके मामा ने विल्सन जोन्स को देखा था?" चाचांनी सहज विचारले.

हा प्रश्न नेमका होता. विल्सन जोन्स हे आपल्या पुण्यात १९२२ साली जन्मलेले बिलियर्ड्‌सपटू. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. एकट्याने खेळायच्या खेळात असे अजिंक्यपद मिळवणारा पहिला भारतीय तोच. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. मामा त्यांचे नाव काढले की फक्त एवढेच म्हणत, "हात स्थिर होता." त्यापलीकडे एक शब्द नाही.

"एकदा खेळताना पाहिलं होतं," मी म्हणालो.

"बस!" चाचा म्हणाले आणि फडक्याने क्यू पुसू लागले.

अर्ध्या तासाने एक तरुण जोडपे आले. त्यांना उपाहारगृह काढायचे होते आणि भिंतीवर लावायला जुन्या गोष्टी हव्या होत्या. चाचांनी मामांची क्यू दोन्ही तळहातांवर आडवी घेतली, जशी वराची तलवार घेतात. पुढच्या पाच मिनिटांत मी जे पाहिले त्याला तर्कशास्त्रात नाव नसेल. पाहिले होते, म्हणजे ओळख होती. ओळख होती, म्हणजे जाणेयेणे होते. जाणेयेणे होते, म्हणजे क्यू हातात घेतली असणारच. आणि हातात घेतली, तर मग ती त्यांचीच! "विल्सन जोन्स साहब की प्रॅक्टिस की स्टिक. अठ्ठावन के साल की. बिल्ला क्यूं नहीं? खुद निकाला. बडे आदमी थे, नाम नहीं चाहते थे." एका लाखेच्या खळगीतून चाचांनी एक आख्खे स्वभावचित्र उभे केले. मी मनात दाद दिली.

तरुणाने बारा हजारांचे आठ हजार केले. खिशात हात घालता घालता त्याच्या बायकोचे लक्ष माझ्याकडे गेले. माझा चष्मा, झब्बा आणि खांद्यावरची शबनम पाहून तिला मी कोणीतरी जाणकार वाटलो असेन. ती मराठीतच म्हणाली, "काका, तुम्ही इथलेच दिसता. हे खरं आहे का हो?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. नुसते कुतूहल होते.

वाचकहो, आठ हजारांचे निम्मे चार हजार. मामींना डोंबिवलीला एक लोखंडी कपाट घ्यायचे होते. शिवाय हे खोटे कुणाच्या पोटावर पाय देणारे नव्हते. भिंतीवरची क्यू विल्सन जोन्स यांची असली काय नि नसली काय, तिच्याखाली बसून लोकांना कॉफीच प्यायची होती. मी 'हो' म्हटले असते तर सगळेच सुखी होते. एक मामा सोडून. मला अकारण त्यांचा चेहरा दिसला. आयुष्यभर दुसऱ्याचे गुण बरोबर सांगितलेला माणूस. त्यांनी एका सभासदाचा एक गुण दुसऱ्याच्या नावावर कधी लावला नसेल. आणि मी त्यांचीच क्यू दुसऱ्याच्या नावावर लावायला बसलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "ही माझ्या मामांची आहे. ते एका क्लबात मार्कर होते."

"अच्छा," तरुण म्हणाला. त्या 'अच्छा'मध्ये आठ हजार रुपये मावळले. त्यांनी एक जहाजी कंदील घेतला आणि ते गेले.

आता चाचा काय बोलतात, याची मी वाट पाहत राहिलो. ते बोलले नाहीत. दुसरा चहा मागवला. तो आल्यावर म्हणाले, "साहब, आप ने सच बोला, अच्छा किया. लेकिन सच बोलके चुप हो गये. मार्कर था, आगे? कैसा था, क्या था? मैं झूठ बोलता हूं तो पूरा बोलता हूं. आप सच भी आधा बोलते हो."

मी चहाचा घोट घेतला तो तसाच तोंडात राहिला. मामा मार्कर होते, याच्या पुढे मला खरोखरच काही ठाऊक नव्हते. पोळ्या मोजायचे, एवढे ठाऊक होते.

चारच्या सुमारास एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, सडपातळ, बाह्या दुमडलेल्या. बोलायच्या आधीच त्यांचा हात कोपऱ्यातल्या क्यूंवरून फिरला, जशी वाचणाराची बोटे कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरून फिरतात. चाचा लगबगीने "ये देखो जो डेव्हिस" म्हणून सुरू झाले, पण त्यांनी हाताने 'थांबा' अशी खूण केली. मग मामांच्या क्यूपाशी ते थांबले.

तीन-चार मिनिटे ते काही बोलले नाहीत. क्यू गल्ल्याच्या काचेवर आडवी ठेवून बोटांनी लोटली; ती ठकठक न करता पाण्यासारखी घरंगळत गेली. पुन्हा लोटली. बुंधा डोळ्याशी धरून टोकापर्यंत नजर सोडली. नखाने लाकडाच्या रेषा मोजल्यासारखे केले. ॲशच्या लाकडावर बाणांसारख्या रेषा असतात, त्या टोकाशी सरळ रांगेत आहेत का, ते पाहतात असे नंतर कळले. काळ्या जिभांच्या टोकांवर अंगठा फिरवला. "हाथ का जोड है," ते स्वतःशीच म्हणाले. यंत्राने जोडलेल्या क्यूच्या जिभा सुईसारख्या टोकदार निघतात. हाताने जोडलेल्या किंचित गोल राहतात. मग टोकाची पितळी टोपी पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती त्यांनी नखाने मोजली.

"ही क्यू कोणाची?" त्यांनी विचारले. चाचा गप्प होते. अर्थवाद संपला होता.

"का?" मी विचारले.

"ही टोपी बघा, घासून घासून केवढीशी उरलीय. चामडं बदलताना दर वेळी थोडी घासली जाते. किती चामडी बदलली असतील! आणि हा शेंडा. बारीक कागदाने पुसून पुसून बारीक झालाय. आणि हे पाहा." त्यांनी काळ्या बुंध्यावरची एक जागा दाखवली. तिथले पॉलिश चार बोटांच्या रुंदीएवढे उडाले होते. वरही नाही, खालीही नाही. "हाताची पकड रोज इथेच. केसभर इकडेतिकडे नाही. मेंबरची क्यू अशी नसते. मेंबर शनिवारी खेळतो, प्रत्येक शनिवारी वेगळीकडे धरतो. हा माणूस रोज खेळलाय. वीस वर्षं, पंचवीस वर्षं, रोज. कोण होता?"

"माझे मामा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच वेगळा लागला. "मार्कर होते."

"मग बरोबर," ते म्हणाले. "क्लब बंद झाल्यावर खेळत असणार. एकटे."

'आपण मोजायचं, बाळ. खेळणारे वेगळे.' त्या वाक्याचा मी इतकी वर्षे सरळ अर्थ घेत आलो होतो. व्यंजना शिकवणारा मी! ते वाक्य सभासदांसाठी होते, घरासाठी होते, कदाचित नोकरीसाठी होते. सभासदांच्या टेबलावर नोकराने स्वतःसाठी खेळावे, हे कुणाला रुचले असते की नाही, कोण जाणे. दिवे मालवण्याआधी एक दिवा ठेवून, हिरव्या बनातीवर तीन चेंडू मांडून, हा माणूस रोज खेळत होता. त्याचे गुण मोजायला मात्र तिथे कोणी नव्हते.

किमतीचे बोलणे एका मिनिटात झाले. चाचांनी चार हजार म्हटले, त्यांनी साडेतीन म्हटले. दोघांनीही विशेषण वापरले नाही. ते पलीकडे एका ठिकाणी मुलांना स्नूकर शिकवत होते. पैसे देऊन त्यांनी क्यू त्याच धोतरात गुंडाळली आणि निघताना मला विचारले, "मामांचं नाव काय?" मी सांगितले. त्यांनी ते मनात दोनदा म्हटलेले मला ओठांवरून दिसले.

चाचांनी साडेसतराशे मोजून माझ्या हातावर ठेवले. ना एक रुपया कमी, ना जास्त. "आठ हजार का माल था," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "लेकिन घर अच्छा मिला." जाता जाता त्यांनी मला एक पितळी अडकित्ता दाखवला. पेशव्यांच्या मुदपाकखान्यातला होता. मी तीनशे रुपयांना घेतला. आमच्या सौभाग्यवतींचे भाकीत शब्दशः नसले तरी तात्पर्याने खरे ठरले.

गिरगावला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खोलीत गाठोडी आणि भिंतीवर फोटो काढलेल्या जागेचे चौकोन, एवढेच उरले होते. वाटेत मी बरेच काही योजले होते. साडेसतराशेत आपले घालून तीन हजार करावेत. दुकानदार म्हणाला, अशी क्यू मुंबईत दुसरी नाही, असे सांगावे. चाचांच्या संगतीचा एवढा परिणाम व्हायचाच. पण मामींपुढे बसल्यावर मी साडेसतराशेच काढून ठेवले आणि त्या गृहस्थांचे बोलणे होते तसे, एकही शब्द न वाढवता सांगितले. टोपी, शेंडा, चार बोटांची जागा. रोज. एकटे.

मामींनी पैसे मोजले नाहीत. बराच वेळ त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सदऱ्याच्या खिशात निळी पूड निघायची," त्या म्हणाल्या. "रोज. चामड्याला लावायचा तो खडू. घासून घासून हात दुखायचे माझे. म्हणायचे, साहेब लोक खडू मागतात म्हणून खिशात ठेवावा लागतो." त्या थांबल्या. "साहेबांना द्यायचा खडू खिशात ठेवावा लागेल. पण माणसाच्या उजव्या बाहीला, हनुवटीला कसा लागेल? हनुवटीखाली निळा डाग घेऊन यायचे रे रात्री. मी काही विचारलं नाही कधी."

"का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर खोटं सांगावं लागलं असतं त्यांना," मामी म्हणाल्या. "त्यांना जमायचं नाही ते."

मग त्यांनी पैसे डब्यात टाकले, मी आणलेला अडकित्ता उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "हा कितीला घेतलास?"

"तीनशेला. पेशव्यांचा आहे."

"पेशव्यांचा!" मामी म्हणाल्या. "ये, जेवायला बैस." आणि पहिली पोळी ताटात टाकताना, मामा जात असत त्या सुरात, पण अगदी हळू, त्यांनी म्हटले, "ए…क."